फोन आडवा झाला की तोल-पर्चीचं ॲप का विस्कटतं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय. इंदूरच्या छावणी मंडीतल्या आडत्यांसाठी तोल-पर्चीचं, म्हणजे वजनाच्या पावतीचं ॲप केलंयस, अँड्रॉइडवर कोटलिन ही भाषा आणि स्क्रीनची मांडणी लिहायला जुनं एक्सएमएल, आणि एका मालकासाठी आयपॅडवर स्विफ्ट भाषेत छोटी आवृत्ती. पर्चीत शेतकऱ्याचं नाव, माल, तीन ढेऱ्यांचं वजन, भाव, हम्माली-तुलाई, आणि 'हिशेब' दाबलं की खाली एकूण रक्कम. फोन आडवा झाला की एकूण रक्कम शून्य होते, तिन्ही ढेऱ्यांत शेवटच्या ढेरीचं वजन दिसतं, सेव्हचं बटण गायब, कीबोर्ड उघडला की अख्खी स्क्रीन पांढरी, जुन्या पर्च्यांच्या यादीवर दुसरी यादी छापल्यासारखी दिसते, टार्गेट (ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा) ३६ केल्यापासून टॅबवर स्क्रीन उभी लॉक केलेली चालत नाही, आणि आयपॅडवर हेडरचा रंग अर्ध्यातच संपतो. वर तुझा मित्र म्हणून राहिलाय की सगळं फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हींची ॲप बनवायचं साधन) लिहून टाक.

बरं. ह्या सगळ्याला तू 'रोटेशनचा बग' असं एकच नाव दिलंयस आणि तिथेच घोळ आहे, कारण हे तीन वेगळ्या घरचे प्रश्न आहेत. काही ठिकाणी डेटा हरवतोय, काही ठिकाणी जागा पुरत नाहीये, आणि काही ठिकाणी जागा आहे पण तिच्यावर सिस्टमचं काहीतरी येऊन बसलंय, म्हणजे कीबोर्ड, कॅमेऱ्याचं भोक, नेव्हिगेशनची पट्टी. तिन्हींसाठी उघडायच्या फाइली वेगळ्या. लोक काय करतात की मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती सिस्टमला देणाऱ्या फाइलीत, एक ओळ टाकतात, तीनपैकी एक झाकलं जातं, दोन तसेच राहतात आणि महिनाभराने दुसऱ्याच फोनवर वर येतात.

आणि हे पण लक्षात घे भिया, मंडीत मुद्दाम कोणी फोन फिरवत नसतो. मुनीमजींच्या एका हातात परखी (बोरीतून नमुना काढायची नळी), फोन बोरीवर तिरका टेकवलेला, तो घसरला की सेन्सरला वाटतं आडवा झाला, उचलला की पुन्हा उभा, म्हणजे एक पर्ची पूर्ण होईपर्यंत स्क्रीन दोन-चारदा पलटतेच. त्यामुळे 'युजरला सांगू ऑटो-रोटेट बंद ठेवा' हा उपाय मी धरतच नाही.

आता ढेऱ्यांपासून सुरू करतो कारण सगळ्यात महागात पडणारं तेच आहे. अँड्रॉइडमध्ये फोन फिरला की ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपची एक स्क्रीन, मरते आणि नवीन जन्माला येते, तिची ऑनपॉज, ऑनस्टॉप, ऑनडिस्ट्रॉय आणि मग परत ऑनक्रिएट ही फंक्शनं ओळीने चालतात. मरताना सिस्टम प्रत्येक व्ह्यूला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक घटकाला, विचारते की बाबा तुझं काय ठेवायचं ते दे, आणि ते सगळं एका यादीत ठेवते, त्या यादीत ओळख म्हणजे व्ह्यूचा आयडी. एडिटटेक्स्ट, म्हणजे लिहायचं फील्ड, स्वतःचा मजकूर आपणहून देतो, पण त्याला आयडी असेल तरच. साधा टेक्स्टव्ह्यू, म्हणजे नुसता दाखवणारा, मजकूर देत नाही, त्याला फ्रीझेसटेक्स्ट ट्रू केलं तर देतो. म्हणून तुझी एकूण रक्कम शून्य होते, ती टेक्स्टव्ह्यूमध्ये आहे आणि कोडने भरलेली आहे. आणि शेतकऱ्याचं नाव टिकतं कारण ते आयडीवालं एडिटटेक्स्ट आहे. कुठलं फील्ड टिकलं आणि कुठलं गेलं एवढं बघूनच अर्धं निदान होतं, डीबगर लावायच्या आधी ते करून बघत जा.

तिन्ही ढेऱ्यांचं काय झालंय ते मी कोड न बघता सांगतो. तू 'ढेरीची ओळ' म्हणून एक लेआउट, म्हणजे मांडणीची फाइल, केलंयस आणि ते इन्क्लूड करून तीनदा लावलंयस. तिन्हींच्या आतल्या एडिटटेक्स्टचा आयडी एकच. सेव्ह करताना पहिल्या ढेरीने त्या आयडीखाली १२.४० ठेवलं, दुसरीने त्याच जागी ८.७५, तिसरीने त्याच जागी १५.२०, राहिलं फक्त शेवटचं. परत भरताना तिघांनी तोच आयडी विचारला, तिघांना १५.२० मिळालं. खरं वजन ३६.३५ क्विंटल, स्क्रीनवर ४५.६०. सव्वानऊ क्विंटल हवेतून आले! तुझं नशीब की हिशेब बटण दाबल्यावरच होतो, टेक्स्टवॉचर, म्हणजे मजकूर बदलला की आपोआप चालणारा कोड, लावला असता तर परत भरताना तो पण चालला असता आणि ४५.६० गुपचूप एकूणात जाऊन बसलं असतं, कोणाला शंकाही आली नसती.

आणि एक, तू ऑनक्रिएटमध्ये बरोबर आकडे सेट करून पाहिले आणि तरी चुकीचेच दिसतात असं लिहिलंयस, ते पण ह्यामुळेच. व्ह्यूजची जुनी स्थिती परत भरण्याचं काम ऑनस्टार्टनंतर होतं, म्हणजे तुझ्या ऑनक्रिएटच्या नंतर. तू लिहिलेलं सिस्टम पुसते.

उपाय असा. त्या ओळीतल्या एडिटटेक्स्टला सेव्हएनेबल्ड फॉल्स कर म्हणजे सिस्टमने त्यात हात घालायचा नाही. वजनं व्ह्यूमॉडेलमध्ये (ॲक्टिव्हिटीच्या बाहेर डेटा धरून ठेवणारा क्लास) ठेव, तिथेही सेव्ह्डस्टेटहँडलमधून (सिस्टमकडे जपायला दिलेली पोतडी), आणि एकूण रक्कम कुठेच साठवू नकोस, वजनं आणि भावावरून दर वेळेस काढ. साठवलेली बेरीज आणि मूळ आकडे कधी ना कधी वेगळे पडतातच, कुठल्याही आडत्याला विचार. तुला वाटेल नुसतं व्ह्यूमॉडेल पुरे, कारण फोन फिरवला तर व्ह्यूमॉडेल जिवंत राहतं, ते खरंय, पण मुनीमजी मधेच फोनवर बोलायला गेले, वॉट्सॲप उघडलं, मेमरी कमी पडली आणि सिस्टमने तुझी प्रोसेसच मारली तर व्ह्यूमॉडेल पण जातं, आणि मंडीतले फोन काही फार रॅमवाले नसतात. सेव्ह्डस्टेटहँडलमधलं तेव्हाही परत मिळतं.

पण त्यात पर्चीचा फोटो कोंबू नकोस. ती सगळी पोतडी बाइंडरमधून, म्हणजे अँड्रॉइडच्या प्रोसेसमधल्या टपालातून, जाते आणि बाइंडरचा बफर साधारण १ एमबीचा, तो पण अख्ख्या प्रोसेसमध्ये वाटून घेतलेला. अँड्रॉइड ७ पासून तो ओलांडला की ट्रान्झॅक्शन टू लार्ज म्हणून सरळ क्रॅश. फोटोचा पत्ता ठेव, फोटो नाही. तो पत्ता पण क्लासमधल्या साध्या व्हेरिएबलमध्ये नको, कारण कॅमेरा आडवा धरून फोटो काढला आणि परत आलं तोवर तुझी ॲक्टिव्हिटी नवीन झालेली असते, पत्ता नल, म्हणजे रिकामा, आणि लोक कॅमेऱ्याला शिव्या देत बसतात.

यादीवर यादी हे तर जुनंच दुखणं. ऑनक्रिएटमध्ये तू फ्रॅगमेंट, म्हणजे स्क्रीनचा एक स्वतंत्र तुकडा, ॲड करतोस, बरोबर? फिरवल्यावर फ्रॅगमेंट मॅनेजरने जुना फ्रॅगमेंट स्वतःच परत आणलेला असतो आणि तू त्यावर अजून एक टाकतोस. मागचं बॅकग्राउंड पारदर्शक म्हणून दोन्ही दिसतात, वरची सरकवली की खालची तिथेच राहते, हीच ओळखीची खूण. सेव्ह्ड इन्स्टन्स स्टेट, म्हणजे जपलेली जुनी स्थिती, नल असेल तरच ॲड कर, एका इफने काम झालं. बॅकग्राउंडला पांढरा रंग देऊन झाकू नकोस हं, मी असा कोड बघितलाय, आत चार-चार फ्रॅगमेंट जिवंत, प्रत्येक सर्व्हरला वेगळी रिक्वेस्ट मारतोय. आणि फ्रॅगमेंटला डेटा कन्स्ट्रक्टरमधून देत असशील तर तेही बंद कर, परत बनवताना सिस्टम रिकामा कन्स्ट्रक्टर शोधते, नाही मिळाला की क्रॅश. आर्ग्युमेंट्समधून दे.

आता तुला कोणीतरी सुचवलेला तो जादूचा उपाय, मॅनिफेस्टमध्ये कॉन्फिगचेंजेस ओरिएंटेशन आणि स्क्रीनसाइज, म्हणजे हे बदल माझे मी सांभाळतो असं सिस्टमला सांगणं. नुसतं ओरिएंटेशन लिहिलंयस म्हणून तुझ्याकडे चाललं नाही, एपीआय १३ (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक) पासून फिरवल्यावर स्क्रीनसाइज पण बदलला असं धरतात, दोन्ही लिहावे लागतात. लिहिलेस तर ॲक्टिव्हिटी मरणार नाही, आकडे टिकतील, आणि तुला वाटेल मिटलं. पण मग लेआउट-लँडमधली तुझी आडवी फाइल पण लागणार नाही, कारण लेआउट परत इन्फ्लेट होतच नाही, म्हणजे फाइलीतून नव्याने बनत नाही, ते तुला हाताने करावं लागेल. आणि मुनीमजींनी सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं, डार्क मोड लागला, भाषा बदलली की ॲक्टिव्हिटी मरणारच आहे, तेव्हा तेच १५.२० तीनदा दिसेल, फक्त तुला सापडायला अवघड जाईल. व्हिडिओ प्लेयर, कॅमेरा, गेम, पूर्ण कंपोजमधलं (एक्सएमएलऐवजी कोडनेच स्क्रीन बनवायची पद्धत) ॲप, अशा ठिकाणी ती ओळ मी स्वतः लावतो, तिथे कारण असतं. फॉर्मच्या ॲपमध्ये आधी डेटा नीट जपायला शिक, मग हवी तर लाव.

इथपर्यंत डेटा झाला. आता जागा, आणि जागेचा हिशेब कागदावर करायचा असतो, स्क्रीनकडे बघून अंदाजाने नाही. साधारण फोन धर ३६० बाय ८०० डीपी (स्क्रीनच्या दाटपणावर न अवलंबणारं माप). आडवा केला की उंची उरली ३६०. त्यातून स्टेटस बार २४ आणि टूलबार ५६ गेला, राहिले २८०. तुझं एकेक फील्ड ५६ चं आणि खाली ८ ची मोकळीक, म्हणजे ६४. चार फील्डं बसली की २५६ संपले. तुझी फील्डं आहेत सात-आठ आणि त्याच्या खाली बटण! वर तू तळाला मटेरियल ३ ह्या गूगलच्या डिझाइनची नेव्हिगेशन पट्टी लावलीयस, ती ८० खाते, राहिले २००, म्हणजे तीन फील्डं. बटण गायब झालेलं नाही रे, ते तिथेच आहे, स्क्रीनच्या बाहेर, आणि तू स्क्रोल दिलेला नाहीस.

तर पहिलं, अख्खा फॉर्म नेस्टेड-स्क्रोलव्ह्यूमध्ये घाल, फिलव्ह्यूपोर्ट ट्रू कर म्हणजे उभ्या फोनवर फॉर्म छोटा असला तरी पूर्ण उंची घेईल. बटण स्क्रोलच्या आत शेवटी ठेवायचं की तळाला चिकटवायचं हा तुझा निर्णय, मी मंडीच्या ॲपमध्ये आत ठेवीन, कारण चिकटवलेलं बटण आडव्या स्क्रीनवर पुन्हा ६० च्या आसपास खातं आणि बोट लागून चुकून दाबलंही जातं. दुसरं, आडव्याला रुंदी ८०० आहे ती वापर ना, फील्डं दोन-दोन करून शेजारी लाव, तळाची पट्टी काढून डाव्या बाजूला उभी पट्टी, म्हणजे रेल, कर. नेमके आकडे घालून फील्डची उंची बांधू नकोस, व्रॅप-कंटेंट, म्हणजे मजकुराएवढी उंची, ठेव. अँड्रॉइड १४ पासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत मोठं करता येतं आणि पन्नाशीच्या पुढचे मुनीम ते करतातच, तेव्हा बांधलेल्या उंचीत 'क्विंटल'ची वेलांटीच कापली जाते.

आडव्या फाइलीचं नाव काय ठेवायचं ह्यावर थोडं बोलतो, कारण इथे नव्वद टक्के पोरं अडकतात, आकडा अंदाजाचा आहे पण भावना समज. लेआउट-लँड म्हणजे रुंदी उंचीपेक्षा जास्त, बस, किती जास्त ते नाही. आडव्या फोनवर स्क्रीन दोन ॲपमध्ये वाटली तर तुला चारशेच्या आसपास रुंदी मिळते, तिथे दोन कॉलम कोंबून काय करणार. म्हणून मी डब्ल्यू६००डीपी वापरतो, आत्ता हातात असलेली रुंदी सहाशे किंवा जास्त असेल तर दोन कॉलम, नाहीतर एक. ह्यात आणि एसडब्ल्यू६००डीपीमध्ये फरक आहे, एसडब्ल्यू म्हणजे दोन बाजूंपैकी छोटी बाजू, ती फोन फिरवल्याने बदलत नाही, म्हणजे ते 'टॅबलेट आहे का' ह्याचं उत्तर देतं. तुझ्याकडे लेआउट-एसडब्ल्यू६००डीपी आणि लेआउट-लँड दोन्ही आहेत आणि टॅब आडवा केला तरी आडवी फाइल लागत नाही अशी तक्रार आहे, ती बग नाहीये, एसडब्ल्यूचा मान ओरिएंटेशनच्या वरचा आहे, टॅबवर तोच जिंकणार. टॅबसाठी आडवं वेगळं हवं असेल तर लेआउट-एसडब्ल्यू६००डीपी-लँड अशी फाइल कर.

दोन फाइली झाल्या की दोन्हींत आयडी तेच हवेत आणि त्या आयडीचा प्रकार पण तोच. उभ्यात आहे आणि आडव्यात विसरलास तर फाइंडव्ह्यूबायआयडी नल देतं आणि फक्त फिरवल्यावर क्रॅश होतो, व्ह्यूबाइंडिंग असेल तर ते फील्ड नलेबल होऊन कंपायलरच ओरडतो, म्हणून बाइंडिंग वापर. आणि उभ्यात जो आयडी एडिटटेक्स्टला, तोच आडव्यात स्पिनरला (निवडीच्या यादीला) दिलास तर क्लास-कास्ट किंवा रॉंग स्टेट क्लास म्हणून क्रॅश येईल. लॉगमध्ये हे वाचलं की फाइलींची तुलना कर, कोड वाचत बसू नकोस.

कंपोजकडे वळणार असशील तर एक वाक्य, रिमेंबर फिरवल्यावर विसरतं, रिमेंबर-सेव्हेबल विसरत नाही, बाकी गणित हेच.

आता झाकलेल्या जागेचं. कीबोर्ड उघडल्यावर पांढरी स्क्रीन दिसते तो तुझा क्रॅश नाही, आडव्या फोनवर उंची कमी असते म्हणून कीबोर्ड अख्खी स्क्रीन घेतो आणि वर फक्त एकच मोठं लिहायचं फील्ड दाखवतो, ते पांढरं त्याचं आहे. आयएमई-ऑप्शन्समध्ये (आयएमई म्हणजे कीबोर्ड) फ्लॅग-नो-एक्स्ट्रॅक्ट-यूआय टाक, बहुतेक कीबोर्ड ऐकतात. पण मग खरा प्रश्न समोर येतो की कीबोर्डच्या वर जेमतेम एक-दीड फील्डाची जागा उरते, म्हणून वरचा स्क्रोल हवाच, त्याशिवाय हा फ्लॅग लावलास तर आधीपेक्षा वाईट दिसेल. वजनाला कीबोर्डचा प्रकार नंबर-डेसिमल दे, आकड्यांचाच कीबोर्ड येऊ दे.

तू म्हणतोस ॲडजस्टरीसाइझ (कीबोर्ड आला की स्क्रीन आखडायची सेटिंग) लावलंय तरी शेवटचं फील्ड कीबोर्डखाली जातं. टार्गेट ३५ पासून अँड्रॉइड १५ वर ॲप एज-टू-एज होतं, म्हणजे स्क्रीनच्या कडेपर्यंत तुझं राज्य, पण सिस्टमने आपणहून पॅडिंग देणं बंद. विंडो इन्सेट्सचा, म्हणजे सिस्टमने कडेची किती जागा अडवलीय त्या मापांचा, लिसनर (बदल झाला की चालणारा कोड) लाव, त्यात सिस्टम बार, डिस्प्ले कटआउट आणि आयएमई तिन्ही घे, आणि स्क्रोलला तेवढं पॅडिंग दे. फक्त वरखाली नाही, डावी-उजवी बाजू पण! उभ्या फोनवर कॅमेऱ्याचं भोक वर असतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आडवा केला की ते बाजूला येतं, आणि ज्यांच्याकडे तीन बटणांची नेव्हिगेशन पट्टी आहे त्यांची ती पट्टी पण बाजूला येते. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये 'शेतकरी' ह्याचा 'शे' कापलाय, तो त्याच भोकाखाली गेलाय.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी टेस्टिंगमध्ये सुटते. फोन डावीकडे आडवा असताना उभा न करता थेट उलटा आडवा केला, म्हणजे १८० अंश, तर अँड्रॉइडच्या हिशेबाने ओरिएंटेशन बदललंच नाही, आडवं होतं ते आडवंच आहे. ॲक्टिव्हिटी नवीन होत नाही, ऑनक्रिएट चालत नाही. पण भोक डावीकडून उजवीकडे गेलं. तू ऑनक्रिएटमध्ये एकदाच मोजून पॅडिंग दिलं असशील तर ते आता चुकीच्या बाजूला आहे. लिसनरमध्ये दिलंस तर इन्सेट बदलले की तो परत चालतो.

टॅबवरच्या लॉकचं सरळ आहे, तुझं काही चुकलेलं नाही. अँड्रॉइड १६ मध्ये, टार्गेट ३६ असेल तर, छोटी बाजू ६०० डीपी किंवा जास्त असलेल्या स्क्रीनवर सिस्टम तुझं उभं-आडवं लॉक मानतच नाही, साइज बदलू नको म्हणालास तरी ऐकत नाही. गेम्सना सूट आहे. मॅनिफेस्टमध्ये एक प्रॉपर्टी टाकून तात्पुरतं बाहेर राहता येतं पण टार्गेट ३७ ला ती पळवाट पण बंद. प्ले स्टोअर दर वर्षी टार्गेट वर सरकवायला लावतंच, तेव्हा टॅबचा आडवा लेआउट आत्ताच करून टाक. फोनवर लॉक अजून चालतो, तिथे लावायचा तर लाव, पण वर सांगितलेलं डेटाचं काम त्याने वाचत नाही, डार्क मोड आणि मोठं अक्षर आहेच.

आयपॅड. आयओएसमध्ये फिरवल्यावर व्ह्यू-कंट्रोलर, म्हणजे तिथली स्क्रीन सांभाळणारा क्लास, मरत नाही, तोच राहतो, फक्त साइज बदलतो, म्हणून तिथे डेटा हरवल्याची तक्रार तुझ्याकडे आली नाही. हेडरचा रंग अर्ध्यात संपतो कारण ग्रेडियंटचा लेयर तू व्ह्यूडिडलोडमध्ये, म्हणजे स्क्रीन पहिल्यांदा तयार होताना, बनवून त्याला तेव्हाची फ्रेम दिलीस. व्ह्यू ऑटोलेआउटने रुंद झाला, पण त्याच्या आत हाताने टाकलेला लेयर ऑटोलेआउटच्या हुकमात नाही, तो जुन्याच रुंदीवर बसलाय. व्ह्यूडिडलेआउटसबव्ह्यूजमध्ये फ्रेम परत दे, किंवा त्याहून चांगलं म्हणजे हेडरचा छोटा व्ह्यू-क्लास करून त्याचा लेयरक्लासच ग्रेडियंट लेयर ठेव, मग तो व्ह्यूबरोबर आपोआप वाढतो. सावलीसाठी शॅडोपाथ दिला असशील तर त्याचंही हेच.

आणि आयपॅडवर ट्रेट कलेक्शन (रुंदी-उंची 'कॉम्पॅक्ट' की 'रेग्युलर' ते सांगणारी माहिती) बदलण्याची वाट बघत बसलायस, ती बदलणार नाही. आयफोन आडवा केला की उंची कॉम्पॅक्ट होते म्हणून तिथे ट्रेट बदलतो, आयपॅड पूर्ण स्क्रीनवर उभा असो की आडवा, रुंदी-उंची दोन्ही रेग्युलरच. फिरण्याची खबर व्ह्यू-विल-ट्रान्झिशन-टू-साइझमध्ये घे, कलेक्शनव्ह्यू असेल तर तिथेच लेआउट इनव्हॅलिडेट कर. डिव्हाइसचं ओरिएंटेशन विचारून ठरवू नकोस, टेबलावर सपाट ठेवला तर ते 'फेस-अप' म्हणतं, त्यात ना उभं ना आडवं. बाजूचं मार्जिन सेफ एरियाला, म्हणजे न झाकलेल्या जागेला, बांध, आयफोन एक्सवरच बघ, आडव्याला डावी-उजवीकडे ४४-४४ आणि खाली २१ सोडावे लागतात, उभ्याला वर ४४ आणि खाली ३४. नंतरच्या मॉडेल्सवर आकडे वेगळे, म्हणून आकडा कोडमध्ये लिहायचाच नाही.

कन्सोलमध्ये कन्स्ट्रेंट्स (मांडणीचे नियम) भांडतायत असा लांबलचक मजकूर येत असेल तर त्यात कुठे एन्कॅप्सुलेटेड लेआउट विड्थ किंवा हाइट हे नाव आहे का बघ, असेल तर ते सिस्टमने तात्पुरतं लावलेलं असतं, तुझ्या कन्स्ट्रेंटची प्रायॉरिटी १००० वरून ९९९ कर, शांत होतं. बाकी भांडणं खरी असतात, ती सोडव.

तपासायचं कसं. दर वेळी हाताने फोन फिरवू नकोस. एडीबी शेलमधून, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायच्या साधनातून, सिस्टम सेटिंग्जमध्ये ॲक्सेलरोमीटर रोटेशन ० कर आणि युजर रोटेशन ०, १, २, ३ असं देत जा, चारही बाजू होतात, आणि एकवरून थेट तीनवर गेलास की वर सांगितलेला १८० अंशवाला प्रकार पण बघून होतो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज चालू करून एक पर्ची पूर्ण भर. ॲप मागे टाकून एडीबीने ॲम किल कर आणि परत उघड, आकडे आले पाहिजेत. लेआउट बाउंड्स दाखवणारा ऑप्शन चालू कर, बटण स्क्रीनबाहेर आहे की शून्य उंचीचं झालंय ते एका नजरेत कळतं. प्रत्येक ढेरीत वेगळा आकडा टाकायचा, सगळीकडे १० टाकून टेस्ट केलंस तर तो १५.२० वाला बग जन्मात सापडणार नाही.

राहिला तुझा मित्र आणि फ्लटर. फ्लटर चांगलं आहे, मी वापरतो, पण ह्या कारणासाठी जाऊ नकोस. फ्लटरच्या तयार मॅनिफेस्टमध्येच कॉन्फिगचेंजेसची लांब यादी दिलेली असते, म्हणून फिरवल्यावर ॲक्टिव्हिटी मरत नाही आणि लोकांना वाटतं इथे त्रासच नाही. जागेचं गणित तेच राहतं, २८० मध्ये आठ फील्डं तिथेही बसत नाहीत, फक्त तिथे पिवळ्या-काळ्या पट्ट्या दिसतात आणि ओव्हरफ्लो किती पिक्सेलचा ते लिहून येतं. आणि तिथला स्वतःचा एक खास त्रास आहे. ओरिएंटेशन-बिल्डर नावावरून वाटतो तसा फोन बघत नाही, त्याला मिळालेल्या जागेची रुंदी-उंची बघतो. कमी उंचीच्या उभ्या फोनवर फॉर्म उघडलास, वजनावर टॅप केलंस, कीबोर्ड आला, स्कॅफोल्डची (फ्लटरमधला स्क्रीनचा सांगाडा) बॉडी आखडली, उरलेली उंची रुंदीपेक्षा कमी, झालं, बिल्डर म्हणतो आडवं. तो आडवा लेआउट लावतो, फील्ड नवीन बनतं, फोकस जातो, कीबोर्ड बंद, जागा परत मोठी, परत उभा. युजरला दिसतं काय तर टॅप केलं की कीबोर्ड येतो आणि लगेच जातो. तिथे लेआउट-बिल्डरने फक्त रुंदी बघून ठरवायचं, कीबोर्डमुळे रुंदी बदलत नाही. रिॲक्ट नेटिव्ह ह्या अजून एका साधनात ॲप करणाऱ्यांचं पण असंच काहीतरी, फाइलच्या वर डायमेन्शन्स एकदाच वाचून स्टाइलमध्ये ओतून ठेवतात, फिरवल्यावर ती जुनीच राहते, यूज-विंडो-डायमेन्शन्स हुक आहे त्यासाठी.

तू ढेऱ्या आणि एकूण रक्कम पहिली कर, त्यात शेतकऱ्याच्या किंवा आडत्याच्या पैशाची चूक होते आणि तोपर्यंत नवीन आवृत्ती मंडीत देऊ नकोस. मग फ्रॅगमेंटचा इफ, मग स्क्रोल आणि इन्सेट्स. टॅब आणि आयपॅड शेवटी चालेल. ढेरीच्या ओळीची एक्सएमएल आणि दोन्ही लेआउट फाइली टाक इथे, आणि तिन्ही ढेऱ्यांत वेगळे आकडे घालून फिरवल्यानंतरचा स्क्रीनशॉट पण, आयडी कुठे जुळत नाहीयेत ते ओळीने सांगतो.